खुडूक बदकाची दोन हजार वर्षे

परसात चार-सहा बदके पाळणाऱ्या घरात वर्षातून एकदा तरी एक अडचण ठरलेली असते. रोज पहाटे न चुकता अंडे देणारी मादी एके दिवशी अंडे देत नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात पेंढ्यावर ठाण मांडून बसते. हात पुढे केला की मान ताणून फुसकारते. आपल्याच छातीची मऊ पिसे उपटून खाली अंथरते. शेजारीण डोकावून सांगते, "खुडूक झालंय गं तुझं बदक!" आणि मग घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणते पाण्यात बुचकळा, कोणी म्हणते दोन दिवस उपाशी डालून ठेवा, कोणी म्हणते नाकपुडीतून पीस ओवा.

दुसऱ्या घरात नेमकी उलटी तक्रार असते. तिथे सरकारी केंद्रातून आणलेली खाकी रंगाची बदके असतात. ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात. पण घरच्या बाईला वाटते की आता चार पिल्ले काढावीत, तर एकही मादी बसायला तयार नाही. अंडे टाकले की ती निघाली चरायला. मागे वळूनसुद्धा पाहत नाही.

एक बदक बसते म्हणून तक्रार, दुसरे बसत नाही म्हणून तक्रार! या दोन्ही तक्रारींच्या मागे माणसाचा आणि पक्ष्याचा फार जुना व्यवहार आहे. आज तो इतिहासच तुमच्यापुढे ठेवायचा आहे. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण खुराड्यालाही इतिहास असतो आणि तो समजला की खुराड्यातले निर्णय शहाणपणाने घेता येतात.

आधी निसर्गाची रीत पाहू. आपली बहुतेक पाळीव बदके ज्या रानबदकापासून झाली, त्याला इंग्रजीत मॅलार्ड म्हणतात. नराचे डोके हिरवे, चकचकीत. मादी तपकिरी, पालापाचोळ्यात मिसळून जाणारी. थंडीच्या दिवसांत हा पक्षी उत्तर भारतातल्या तळ्यांवर उतरतो. विणीच्या हंगामात मादी गवतात खळगा करते आणि रोज एक याप्रमाणे साधारण आठ ते तेरा अंडी घालते. पहिले अंडे घातल्याबरोबर ती बसत नाही. सगळी अंडी पुरी झाल्यावर बसते. त्यामुळे सगळ्या अंड्यांना ऊब एकाच वेळी लागते आणि पिल्लेही जवळजवळ एकाच दिवशी बाहेर पडतात. एकदा बसली की सुमारे अठ्ठावीस दिवस ती उठत नाही, फक्त थोडा वेळ खाण्यापिण्यासाठी उठते तेवढीच. जाताना अंडी पिसांनी झाकून जाते आणि ओल्या अंगाने परत येते. त्या ओलाव्याचाही अंड्यांना उपयोग होतो. नर या कामात नसतो. तो केव्हाच निघून गेलेला असतो.

आता यातली मेख लक्षात घ्या. मादीचे वर्षाचे काम म्हणजे दहा-बारा अंडी आणि तेवढीच पिल्ले. बसायचे ठरले की तिच्या शरीरात अंडे तयार होणे थांबते. म्हणजे खुडूक होणे हा रोग नव्हे, खोड नव्हे, हट्टही नव्हे. अंडी देण्याचा काळ संपून ती सांभाळण्याचा काळ सुरू झाला, एवढाच त्याचा अर्थ. पण माणसाला दहा-बारा अंड्यांवर समाधान नव्हते. त्याने पाहिले की रोजचे अंडे उचलून घेतले, घरट्यात एखादेच खुणेला ठेवले, तर मादीची पुरती संख्या कधी भरतच नाही आणि ती घालतच राहते. बदके पाळणाऱ्याची पहिली युक्ती ती हीच. आजही आपल्या बायका कोंबडीच्या बाबतीत ती बिनचूक वापरतात.

बदक माणसाळले ते मुख्यतः चीनमध्ये, असे मानण्याला चांगला आधार आहे. तिथल्या हान राजघराण्याच्या काळातल्या, म्हणजे ख्रिस्तपूर्व २०६ ते ख्रिस्तोत्तर २२० या दरम्यानच्या थडग्यांतून मातीची बदके आणि बदके पोहत असलेली मातीची तळी सापडली आहेत. मेलेल्या माणसाबरोबर पुरायच्या वस्तूंत बदक होते, याचा अर्थ ते घरातलेच झाले होते. आपल्याकडे संस्कृत काव्यात हंस, चक्रवाक, कारंडव असे पाणपक्षी पदोपदी भेटतात, पण ते तळ्यातले, परसातले नव्हेत. 'बदक' हा आपला शब्दसुद्धा अरबी-फारसीतून आलेला आहे.

त्याच सुमारास पश्चिमेकडे, रोमन लोकांत काय चालले होते? व्हॅरो नावाच्या विद्वानाने ख्रिस्तपूर्व ३७ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात बदके ठेवण्याच्या आवाराचे वर्णन आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या शेतीपंडिताने ते अधिक सविस्तर केले. भोवती उंच भिंत, वरून जाळे, मध्ये तळे. वरचे जाळे दोन कारणांसाठी: आतले बदक उडून जाऊ नये आणि बाहेरची घार आत येऊ नये. यावरूनच कळते की ही बदके अजून पुरती माणसाळलेली नव्हती. कोलुमेला मोठ्या मार्मिकपणे सांगतो की रानातून धरून आणलेले पक्षी कोंडले की अंडी घालायला कचरतात. यावर त्याचा उपाय असा: पाणथळ जागेतून रानबदकांची अंडी गोळा करून आणा आणि ती कोंबडीखाली उबवा. अशी जन्मलेली पिल्ले रानटीपणा विसरतात.

मंडळी, या एका वाक्यात पुढच्या दोन हजार वर्षांची दिशा आहे. अंडे बदकाचे, ऊब कोंबडीची! म्हणजे अंडे देणे आणि अंडे उबवणे ही एकाच मादीची दोन कामे माणसाने तोडून वेगळी केली. ज्या दिवशी ती वेगळी झाली, त्या दिवसापासून बदकाने खुडूक झालेच पाहिजे ही गरज उरली नाही.

अँडरसन या डॅनिश लेखकाची कुरूप पिल्लाची गोष्ट १८४३ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे ती ग. दि. माडगूळकरांच्या गीतामुळे घराघरांत पोचली आहे. त्या गोष्टीत बदकीच्या घरट्यात एक मोठे अंडे असते आणि एक म्हातारी बदकी तिला बजावते की हे टर्की कोंबडीचे अंडे दिसते, मलाही एकदा असेच फसवले होते. गोष्ट कल्पित खरी, पण त्या काळच्या युरोपातल्या शेतघरांत अंड्यांची ही अदलाबदल किती रोजची होती, हे त्यावरून दिसते.

पण कोंबडी तरी किती अंडी उबवणार? आपली गावठी कोंबडी स्वतःची बारा-पंधरा अंडी पोटाखाली घेते, बदकाची सात-आठच मावतात. तेव्हा पक्ष्यावाचूनच ऊब देता येईल का, हा विचारही फार जुना आहे. ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्ववेत्त्याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे की ईजिप्तमध्ये अंडी उकिरड्यात पुरून पिल्ले काढतात. त्याच ठिकाणी तो एक गंमतही सांगतो. सिराक्यूज गावचा एक दारुडा चटईखाली जमिनीत अंडी ठेवी आणि पिल्ले बाहेर येईपर्यंत वर बसून पीत राही, म्हणे! पुढे रोमची सम्राज्ञी झालेली लिव्हिया गरोदर असताना तिने मुलगा होणार की मुलगी हे पाहण्यासाठी एक अंडे छातीशी धरून उबवले, असे प्लिनीने नमूद केले आहे. तिला विश्रांती हवी असली की दाई ते अंडे घेई, पण त्याची ऊब मोडू देत नसत. या गोष्टी आपण हसण्यावारी नेऊ, पण ऊब महत्त्वाची, बसणारा कोण हे महत्त्वाचे नाही, ही समज त्यांत स्पष्ट आहे.

ईजिप्तमध्ये या समजुतीचा मोठा धंदा झाला. कच्च्या विटांच्या दुमजली खोल्या, वरच्या मजल्यावर शेण आणि काडीकचऱ्याचा मंद विस्तव, खालच्या मजल्यावर हजारो अंडी. तिथे मुख्यतः कोंबडीची अंडी असत. अठराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने या भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ मध्ये अंडी उबवण्याच्या विद्येवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने नोंदवले की नाईल नदीच्या मुखाकडच्या बेर्मे गावच्या लोकांना ही विद्या पिढीजात येत होती आणि ते ती बाहेरच्याला सांगत नसत. त्यांच्याजवळ उष्णतामापक नव्हता. अंडे पापणीला लावायचे आणि ऊब ओळखायची!

बदकांच्या बाबतीत मात्र खरे गुरू चिनी. तिथे भाताचे तूस भाजून गरम करीत आणि टोपल्यांतून तुसाचा एक थर, अंड्यांचा एक थर अशी रचना करीत. त्यात एक फार सुंदर निरीक्षण होते. अंड्यातला जीव दोन आठवड्यांचा झाला की तो स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतो. तेव्हा जुनी अंडी आणि नवी अंडी शेजारी ठेवली की जुन्यांच्या उबेवर नवी निघतात. जळण वाचते. एफ. एच. किंग हे अमेरिकन कृषितज्ज्ञ १९०९ साली चीनला गेले होते. तिथली अंडी उबवण्याची केंद्रे पाहून ते चकित झाले. तिथला कामगारही अंडे डोळ्याच्या खाचेला लावून ऊब जोखत होता. किंग यांचे पुस्तक १९११ मध्ये निघाले. ईजिप्तचा कारागीर आणि चीनचा कारागीर यांची भेट कधी झाली नसेल, पण माणसाच्या अंगावर ऊब ओळखणारी सर्वांत हळवी जागा कोणती, याचे उत्तर दोघांनी एकच काढले.

आता पुढचा टप्पा असा. जिथे पिल्ले टोपलीत किंवा कोंबडीखाली निघतात, तिथे कोणत्या बदकाची संतती वाढेल? जी मादी बसते ती महिनाभर अंडे देत नाही. पुढे पिल्ले घेऊन हिंडण्यात आणखी दिवस जातात. जी बसत नाही ती तेवढ्या दिवसांत वीस-तीस अंडी जास्त देते. उबवणाऱ्याच्या टोपलीत अर्थातच दुसरीची अंडी अधिक जातात. पिढ्यान्‌पिढ्या हे घडत गेले की न बसणाऱ्या माद्यांचे कूळ वाढते. यासाठी कोणी राजाज्ञा काढावी लागत नाही. शेतकऱ्याने मुद्दाम ठरवावेही लागत नाही. टोपलीच निवड करते.

याचे ठळक उदाहरण इंडोनेशियातल्या जावा, बाली आणि लोंबोक या बेटांवरचे. तिथले बदक बाटलीसारखे उभे चालते. १८५६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ लोंबोकला उतरला. त्याने या बदकांचे मोठमोठे कळप पाहिले. ती पेंग्विनसारखी ताठ चालत, म्हणून तांदूळ नेणाऱ्या जहाजांवरचे खलाशी त्यांना 'बालीचे शिपाई' म्हणत. भातशेतीच्या प्रदेशातले हे बदक दिवसभर खाचरांतून किडे, गोगलगायी आणि सांडलेले दाणे टिपीत चालते. चालणे हेच त्याचे काम. ते अंडी पुष्कळ देते, पण क्वचितच बसते. एकोणिसाव्या शतकात ही बदके इंग्लंडला पोचली आणि तिथे त्यांचे नाव पडले 'इंडियन रनर'. नावात इंडियन असले तरी ते आपले नव्हे, बरे का! पूर्वेकडून आलेल्या मालाला 'इंडियन' म्हणायची त्या काळी युरोपात पद्धतच होती.

यानंतरची गोष्ट इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यातल्या यूली या खेड्यात घडली. तिथे डॉक्टरची पत्नी असलेल्या ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी परसात बदके पाळली होती. त्यांच्याकडे एक रनर जातीची मादी होती. ती अंडी भरपूर देई, पण अंगाने अगदी किडकिडीत. घरच्या माणसांना अंड्यांबरोबर मांसही हवे होते. म्हणून बाईंनी रूआं नावाच्या जाड फ्रेंच जातीचा नर तिच्याशी जोडला आणि पुढे रानबदकाचेही रक्त त्यात आणले. १८९८ मध्ये त्यांनी आपली नवी बदके लोकांपुढे मांडली. १९०१ च्या सुमारास त्यांतूनच फिकट मातकट रंगाची जात निघाली. तो काळ दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाचा. इंग्रज सैनिकांचा गणवेश खाकी होता, म्हणून बदकालाही नाव मिळाले 'खाकी कॅम्पबेल'. खाक म्हणजे धूळ, माती; हा शब्द सैन्याने हिंदुस्थानातूनच नेलेला. असे हे बदक: मूळ जावाकडचे, वाढलेले इंग्लंडात आणि नाव आपल्या मातीचे.

जगातली सर्वांत जास्त अंडी देणारी म्हणून जी जात प्रसिद्ध झाली, ती कोणा मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे, एका बाईच्या परसात तयार झाली. आपल्या गावातल्या भगिनींनी हे जरूर लक्षात ठेवावे. हीच जात पुढे आपल्या देशात आली. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथील केंद्र शासनाच्या संस्थेत तिची पैदास झाली आणि तिथून ती राज्याराज्यांत पोचली.

मग न बसणे हे शरीरात नेमके कसे घडते? याचा उलगडा गेल्या शतकात झाला. अमेरिकेत ऑस्कर रिडल हे शास्त्रज्ञ पारव्यांवर काम करीत होते. पारवा आपल्या पिल्लांना गळ्यातल्या पिशवीतून दुधासारखा पदार्थ भरवतो, तो कशामुळे तयार होतो याचा शोध घेताना मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतला एक स्राव त्यांना सापडला. त्याला नाव दिले प्रोलॅक्टिन. १९३५ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा स्राव टोचला की कोंबड्या खुडूक होतात. गायीला, म्हशीला, बाईला दूध आणणारा स्राव तोच. मादी घरट्यात बसली, तिच्या उघड्या पोटाला अंड्यांचा आणि पेंढ्याचा स्पर्श होत राहिला, की हा स्राव वाढतो. तो वाढला की अंडे तयार करणारी यंत्रणा थंडावते. स्पर्श तुटला की स्राव ओसरतो.

दुसरा शोध उजेडाचा, आणि तो तर बदकांवरच लागला. त्याच दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांना कृत्रिम दिव्याखाली ठेवले, तेव्हा थंडीतही त्यांच्यात विणीची तयारी सुरू झाली. मग त्यांनी बदकांच्या डोळ्यांपर्यंत उजेड जाऊ दिला नाही, तरीही परिणाम तोच! उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचत होता. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही आपली म्हण बदकांच्या बाबतीत अशी अक्षरशः खरी ठरली.

आता या सगळ्या इतिहासाचा परसात उपयोग काय, ते सांगतो.

खुडूक मोडायची असेल तर स्पर्श तोडा, एवढेच सूत्र. मादी रात्रीसुद्धा घरट्यातच बसलेली दिसली, पिसे उपटू लागली की त्याच दिवशी तिला उचला. ज्याच्या तळाला जाळी किंवा पट्ट्या आहेत आणि खालून वारा लागतो अशा पिंजऱ्यात, भरपूर उजेडात, इतर बदकांच्या नजरेसमोर तीन-चार दिवस ठेवा. खाली पेंढा घालू नका. अन्न आणि पाणी मात्र नेहमीसारखे द्या. पुढे दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. जितका उशीर कराल तितके मोडणे कठीण. नाकात पीस ओवणे, पाय बांधणे, उपाशी मारणे यांत क्रौर्य आहेच, शिवाय नुकसानही आहे, कारण रोडावलेली मादी अंड्यावर यायला उलट जास्त वेळ घेते. आणि बदकाला पाण्यात बुचकळून काय होणार? ते तर त्याचे घर!

अंडी चालू ठेवायची तर उजेड चौदा ते सोळा तास लागतो. महाराष्ट्रात थंडीतला दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, तेव्हा पहाटे दोन-तीन तास दिवा लावल्याचा फायदा होतो. बदके बहुधा पहाटे अंडी घालतात. सकाळी नऊच्या आधी सोडली तर ओढ्याकाठी, गवतात, कुठेही टाकून येतात. म्हणून नऊनंतर सोडा. शिंपल्यांचा चुरा ठेवा. आणि बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड चुकूनही घालू नका. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने सुमारे लाखभर टर्की पक्षी मेले आणि बदकांची पिल्लेही दगावली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाला हे विष कोंबडीपेक्षा फार लवकर बाधते.

पिल्ले काढायची असतील तर कोलुमेलाचा जुना मार्ग आजही चोख आहे. नुकतीच खुडूक झालेली गावठी कोंबडी निवडा. आठ दिवसांच्या आतली, स्वच्छ, न धुतलेली सात-आठ अंडी तिच्याखाली ठेवा. सातव्या दिवशी रात्री अंडे दिव्यासमोर धरा. आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नुसते स्वच्छ दिसले तर वांझ समजून काढून टाका. कोंबडीची अंडी एकवीस दिवसांत फुटतात, बदकाची अठ्ठावीस दिवसांत. म्हणून कोंबडी आठवडाभर आधी कंटाळून उठत नाही ना, यावर लक्ष ठेवा. ती ओल्या अंगाने येत नाही, तेव्हा शेवटच्या दोन आठवड्यांत अंड्यांवर दिवसातून एकदा कोमट पाणी शिंपडा. पिल्ले निघाली की तीन-चार आठवडे त्यांना खोल पाण्यात सोडू नका, भिजून गारठतात. पुढे ती तळ्यात उतरली की कोंबडी काठावर जिवाच्या आकांताने फडफडते. तिला कोण समजावणार!

एक जात अशी आहे की तिला कोंबडीची गरज नाही. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी कोलंबसाच्या आधीच माणसाळवलेले, तोंडावर लाल गाठी असलेले मस्कोव्ही बदक. आसामात त्याला चिना हांस म्हणतात. हे वेगळ्याच प्रजातीचे, त्याची अंडी पस्तीस दिवस घेतात. अंडी कमी, पण मादी बसण्यात पटाईत आणि पिल्लांना जिवापाड जपणारी. ज्याला पिल्ले हवीत त्याने अशी एखादी मादी ठेवावी.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हा सारा इतिहास सांगितला, ती सांगतो. अधिक अंडी मिळाली यात वाईट काही नाही. पोराच्या ताटात अंडे आले, बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे आले, यासारखे समाधान नाही. पण प्रत्येक गावाने गावरान बदके आणि गावरान कोंबड्या काढून टाकल्या, तर अंडी उबवण्याचे काम करणारेच गावात उरणार नाही. मग प्रत्येक वेळी पिल्लू बाहेरून आणायचे. गाडी चुकली, केंद्रात पिल्ले संपली, वीज गेली, की परसदार रिकामे. २०१४ साली केरळातल्या कुट्टनाडमध्ये बर्ड फ्लू आला तेव्हा बदकांचे कळपच्या कळप मारावे लागले. अशा आपत्तीनंतर पुन्हा उभे राहायचे तर कुठेतरी बीज शिल्लक हवे. बियाण्याच्या बाबतीत आपण हा धडा शिकलो आहोत: बाजारचे बियाणे जरूर पेरा, पण कणगीत घरचे चार पायली राखून ठेवा.

इथे एक दिलाशाची गोष्ट आहे. खाकी कॅम्पबेल ही संकरित नव्हे, स्थिर झालेली जात आहे. संकरित कोंबडीची पुढची पिढी आईसारखी निघेलच असे नाही. कॅम्पबेलची मात्र तशीच निघते. पाच-सहा माद्यांमागे एक नर ठेवला की अंडी फलित होतात, आणि ती उबवायला एक खुडूक गावठी कोंबडी पुरते. म्हणजे अंड्यांसाठी कॅम्पबेल आणि पिल्लांसाठी गावठी, अशी जोडी ज्या परसात आहे, त्या परसाला कोणाच्या दारात जावे लागणार नाही. मात्र दोघांची रोजची खुराडी वेगळी ठेवा, कारण काही रोग बदकाच्या अंगावर दिसत नाहीत आणि कोंबडीला मात्र मारतात.

शिक्षकांना एक विनंती. शाळेत एक खुडूक कोंबडी आणि सहा बदकाची अंडी आणा. मुलांकडून रोजची तारीख फळ्यावर लिहून घ्या, सातव्या दिवशी अंड्यातल्या लाल शिरा दाखवा, अठ्ठावीस दिवस मोजू द्या. त्यात जीवशास्त्र आहे, गणित आहे, आणि रोमपासून लोंबोकपर्यंतचा इतिहास-भूगोलही आहे. आणि गावातल्या वृद्ध बायकांना वर्गात बोलवा. कोणती मादी चांगली बसते, अंडे कसे निवडायचे, ऊब कशी ओळखायची, हे त्यांच्या हातांना माहीत आहे. ईजिप्तच्या कारागिरांनी आपली विद्या दडवून ठेवली होती. आपल्या बायकांनी दडवलेली नाही, आपणच ती कधी विचारली नाही. ती लिहून घेण्याचे काम तुमच्या विद्यार्थ्यांनी या सुट्टीतच हाती घ्यावे.